गाडी डावीकडे ओढते

आमच्या घराच्या फाटकाजवळ जांभ्या चिऱ्याचा गडगा आहे. त्याच्यावर कमरेच्या खाली, हातभर लांबीचा एक चंदेरी ओरखडा आहे. एवढे पावसाळे गेले, पण तो गेला नाही. नवा पाहुणा विचारतो, "हे काय हो?" तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो आणि मुलगा हसत आत निघून जातो.

ती हकिकत सांगायची तर गाडीपासून सुरुवात करावी लागेल. आम्ही दोघंही शिक्षक. २०१३ मध्ये एका सहकाऱ्याकडून २००९ सालची छोटी गाडी घेतली. व्याजाचं कर्ज काढायचं नाही हे आधीच ठरलं होतं, त्यामुळे नवी गाडी परवडणार नव्हती. पण गाडी चांगली निघाली. शाळा, बाजार, माहेर, लग्नकार्यं, सगळं तिने केलं.

मग २२ जुलै २०२१ उजाडला. चिपळूणमध्ये राहणाऱ्यांना ही तारीख सांगावी लागत नाही. आदल्याच दिवशी बकरी ईद झाली होती. घरात गोश्तचे वाटे अजून पोचवायचे राहिले होते, आणि पहाटे वाशिष्ठीचं पाणी अंगणात आलं. आम्ही अम्मींना धरून शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर गेलो. तिथल्या खिडकीतून गाडी दिसत होती. आधी चाकं गेली, मग बॉनेट, मग काचा. शेवटी नुसतं टप दिसत होतं. पाणी उतरल्यावर उरला तो चिखल. कपाटात चिखल, पिठाच्या डब्यात चिखल, मुलांच्या तपासलेल्या वह्यांत चिखल.

गाडीची पाळी फार उशिरा आली. घर उभं करायचं होतं. चार-पाच महिन्यांनी इंजिन खोललं, ऑइल तीनदा बदललं, वायरिंग नवं टाकलं, सीटं काढून उन्हात वाळवली. गाडी सुरू झाली त्या दिवशी आम्ही मोहल्ल्यात पेढे वाटले. ब्रेकचं काय, असं कोणी विचारलं नाही. आम्हीही नाही. पाय दाबला की गाडी थांबत होती, तेवढं पुरे होतं.

२०२२ मध्ये मुलाला अठरा पूर्ण झाली. लायसन्स आलं. दिवाळीच्या सुट्टीत तो गाडी चालवायला लागला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच म्हणाला, "अब्बू, ब्रेक मारला की गाडी डावीकडे जाते."

हे म्हणाले, "स्टेअरिंग दोन्ही हातांनी धर."

दोन दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी आम्ही दोघंही बोललो. वीस वर्षं वर्गात उभं राहिल्यावर कानाला एक सवय लागते. पेन चालत नव्हतं, वही घरी राहिली, बाकावरच्या मुलाने धक्का दिला. कारण ऐकायच्या आधीच आमचं उत्तर तयार असतं. आम्ही तर दहा वर्षं हीच गाडी चालवतोय, आम्हाला कशी नाही ओढत?

ते खरंही होतं, आणि त्यातच सगळी फसगत होती. दोष एका दिवसात आला नव्हता. महिन्या-महिन्याने थोडा-थोडा वाढला होता, आणि यांचे हात त्याच्याबरोबर शिकत गेले होते. ब्रेकवर पाय ठेवला की हात नकळत स्टेअरिंग किंचित उजवीकडे धरायचे. जुन्या हातांना ते जाणवत नव्हतं. नव्या हातांना लगेच जाणवलं. पण हे आम्हाला नंतर कळलं.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मुलगा गाडी आत घेत होता. फाटक अरुंद आहे. समोर अचानक मांजर आलं म्हणून त्याने जोरात ब्रेक मारला, आणि गाडीचा डावा कोपरा गडग्याला घासत गेला. आम्ही त्याला अंगणातच बोललो. शेजारच्या भाभी कपडे वाळत घालत होत्या, त्यांनी सगळं ऐकलं. त्याने काही उत्तर दिलं नाही. चावी खिळ्याला अडकवली ती अडकवलीच. नंतर "बाजारातून मासळी आणतोस का गाडीने?" म्हटलं तरी तो सायकल काढायचा.

पुढे आम्ही जे केलं ते अजून लाजिरवाणं आहे. गाडी खरंच डावीकडे ओढते हे एव्हाना यांना जाणवू लागलं होतं. पण आमचा निष्कर्ष काय? पोराने ठोकली म्हणून ओढते! जे आधी होतं ते नंतरच्याच्या माथी मारलं. एरवी मुलांच्या उत्तरपत्रिकेत कार्यकारण उलटं लिहिलं तर आम्ही लाल रेघ ओढतो.

टायरची हवा तपासली, दोन्हीकडे सारखी होती. अलाइनमेंट करून घेतली. रस्त्यावर गाडी सरळ धावत होती, पण ब्रेक मारला की तेच. मग रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथल्या पोराने विचारलं, "कुठे ओढते?" डावीकडे. त्याने डावं चाक काढलं. डावे ब्रेक पॅड झिजले होते. ते बदलले. उजवं चाक काढून बघितलं आणि म्हणाला, "उजवीकडचे तर नव्यासारखे आहेत, उगाच पैसे कशाला घालवता?" आम्ही खूश झालो. अर्धा खर्च वाचला.

एकाच वेळी बसवलेले पॅड. डावीकडचे संपले आणि उजवीकडचे नव्यासारखे. याचा अर्थ काय, हे तिथे उभ्या असलेल्या तीन मोठ्या माणसांपैकी एकालाही सुचलं नाही. पहिले काही दिवस ओढणं कमीही वाटलं. नवे पॅड डिस्कला बसेपर्यंत जरा कमीच धरतात. म्हणजे चांगलं चाकही थोडं कमजोर झालं होतं आणि दोन्ही चाकं सारखी वाटत होती. आम्ही त्याला दुरुस्ती समजलो.

जानेवारी २०२३ मध्ये अम्मींना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या तपासणीला कराडला नेलं. जाताना चढ असतो, ब्रेकचं काम कमी. परतताना हेळवाक सोडलं आणि कुंभार्ली घाट उतरू लागलो. हे चालवत होते. अम्मी मागे तसबीह घेऊन बसल्या होत्या. एका वळणापुढे ट्रक उभा होता, बहुधा बंद पडलेला. यांनी ब्रेक दाबला, अगदी पूर्ण दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी आधी डावीकडे वळली. स्टेअरिंगला हिसका बसला. समोर ट्रक नव्हता आता, समोर कठडा होता. यांनी स्टेअरिंग उजवीकडे धरून ठेवलं आणि कठडा हातभर राहिला तेव्हा गाडी उभी राहिली.

कोणी काही बोललं नाही. इंजिन बंद झालं होतं. खाली दरीत कुठेतरी पक्षी ओरडत होता, तो आवाज अजून आठवतो.

पुढचा सगळा घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर उतरलो. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजत होते, वाजू दिले. पोफळी गेलं, अलोरे आलं, तेव्हा अम्मी पहिल्यांदा बोलल्या. "पोरगा खोटं बोलत नव्हता," एवढंच.

आमच्या मोहल्ल्यात एक चाचा आहेत. कुवेतमध्ये पंचवीस वर्षं गॅरेजमध्ये काम करून आले. आता धंदा करत नाहीत, पण कोणी अडलं तर अवजारांची पेटी उघडतात. दुसऱ्या दिवशी असरनंतर ते आले. आधी गाडीला हातच लावला नाही. विचारलं, "कधीपासून ओढते?"

"मुलाने गडग्याला लावली तेव्हापासून."

"आणि लावायच्या आधी?"

आम्ही गप्प. चाचा म्हणाले, "त्याला बोलवा."

मुलगा आला. चाचांनी त्याला डॉक्टर रोग्याला विचारतो तसं विचारलं. ब्रेक न मारता, सपाट रस्त्यावर हात सैल सोडले तर गाडी सरळ जाते का? जाते. हळू ब्रेक मारला तर? थोडी ओढते. जोरात? जास्त. पेडल मऊ लागतं, खाली जातं? नाही, तसं घट्टच असतं. स्टेअरिंग थरथरतं? नाही, नुसतं ओढतं. पाय काढल्यावर? लगेच सुटते, जड राहत नाही. तो एकेक उत्तर थांबून, नेमकं देत होता. हे सगळं त्याने केव्हा बघितलं? त्याच सुट्टीत, गडग्याच्या आधी, शाळेच्या रिकाम्या मैदानावर, एकट्याने. आम्ही ऐकत नाही म्हटल्यावर आपलंच काही चुकतंय का हे तपासायला गेला होता.

चाचा आमच्याकडे वळून म्हणाले, "ओढते डावीकडे, पण आजारी उजवा आहे."

आम्हाला चटकन कळलं नाही. त्यांनी बैलगाडीचा दाखला दिला. दोन बैल जुंपलेले आहेत. डावा तुमचं ऐकून थांबला आणि उजवा चालतच राहिला, तर गाडी कुठे वळेल? डावीकडे. मग मार कोणाला द्याल, थांबलेल्या बैलाला? डाव्या चाकाने आपलं काम केलं म्हणून तुम्ही डाव्याचेच पॅड बदललेत.

अर्थात उलटंही असू शकतं, हे त्यांनी लगेच सांगितलं. डावा ब्रेक अडकून राहत असेल तरी गाडी डावीकडेच ओढते. पण मग पाय काढल्यावरही गाडी जड चालते, ते चाक विनाकारण तापतं. म्हणून आधी तपासायचं, मग पाना घ्यायचा.

तापण्यावरून मुलाला एक गोष्ट सुचली. कोरोनाच्या काळात घरी कपाळाचं तापमान बघायचं पिस्तुलासारखं यंत्र आणलं होतं. वरच्या मजल्यावर होतं म्हणून पुरातून वाचलं. चाचांनी गाडीची एक फेरी मारून आणली आणि मुलाने ते यंत्र डाव्या चाकाच्या रिमसमोर धरलं. त्यावर नुसतं "हाय" आलं. माणसाच्या तापासाठी असलेलं यंत्र, बिचारं काय करणार! मग त्याने बटण दाबून वस्तूंचं तापमान मोजायची सोय लावली. डावीकडे ५८, उजवीकडे ३६. चाचा खूप हसले. म्हणाले, "कुवेतमध्ये आम्ही थुंकी लावलेलं बोट जवळ नेऊन बघायचो." (डिस्कला हात मात्र कोणी लावू नये, चामडी निघते.)

मग पुढची दोन्ही चाकं वर घेतली. जॅकवर भरवसा ठेवायचा नाही म्हणून खाली लोखंडी स्टँड दिले, मागच्या चाकांना दगड लावले. मुलगा आत बसून ब्रेक दाबत होता, हे चाक फिरवून बघत होते. ब्रेक दाबल्यावर डावं चाक जागचं हललं नाही, आणि सोडल्यावर मोकळं फिरलं. म्हणजे डाव्यात खोट नव्हती. उजवं मात्र ब्रेक दाबलेला असतानाही दोन्ही हातांनी ओढलं की फिरत होतं. चाकं काढल्यावर तर शंकाच राहिली नाही. डावीकडची डिस्क आरशासारखी चकचकीत, उजवीकडची तांबूस, गंजाच्या वळ्या तशाच. तिला पॅडने नीट स्पर्शच केला नव्हता.

अजून एक गोष्ट बघायची होती. चाकाकडे ब्रेक ऑइल नेणारा रबरी पाइप जुना झाला की कधी कधी बाहेरून धड दिसतो आणि आतून फुगून बंद होतो. म्हणून चाचांनी उजवीकडची हवा काढायची निपल सैल केली आणि मुलाला पेडल दाबायला सांगितलं. ऑइलची चिळकांडी उडाली. पाइप मोकळा होता. मग दोष कॅलिपरमध्येच, म्हणजे ज्या चिमट्यात पॅड बसतात आणि ज्यातला पिस्टन त्यांना डिस्कवर दाबतो, त्या भागात.

कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली एक जागेवर गंजून बसली होती. दुसरी कशीबशी निघाली. तिच्यावरचं रबरी टोपण फाटलेलं होतं. चाचांनी ते बोटाने दाबलं तर आतून बारीक, सुकलेली, राखाडी माती पडली.

ती माती आम्ही ओळखली. दीड वर्षापूर्वी घरातून पाट्या-पाट्यांनी बाहेर काढली होती. घर धुतलं, भिंती रंगवल्या, वह्या नव्या केल्या, आणि ती इथे, आमच्या रोजच्या चाकात बसून होती. पिस्टनच्या रबराखालीही तीच. तिच्यातल्या ओलीने पिस्टनला गंजाचे खड्डे पडले होते. तो सरकत होता, पण जेमतेम.

काम दोन दिवस चाललं. खड्डे पडलेला पिस्टन घासून पुसून चालत नाही, रबर पुन्हा फाटतं, म्हणून उजवीकडचा कॅलिपर पूर्ण नवा टाकला. डावीकडचा खोलून साफ केला, त्याची रबरं नवी घातली. पिनांना ब्रेकसाठीचं खास ग्रीस लावलं. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं. पॅड दोन्ही बाजूंना एकाच जोडाचे, नवे. परवाच घेतलेले डावे पॅड चांगले असून काढावे लागले. चाचांचा हट्ट होता, ब्रेकचं सामान एका बाजूला कधी बदलायचं नाही. दोन्ही डिस्कची जाडी मोजली, ती मर्यादेत होती. मागचे ड्रम खोलले, तिथेही माती निघाली, पण लायनर वाचले होते.

ब्रेक ऑइल डबीतून काढलं तर कोऱ्या चहाच्या रंगाचं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, दोन वर्षांनी बदलायला हवं. आमचं किती वर्षांचं होतं कोण जाणे. पुराच्या आधीचं तर नक्कीच. घाटात सारखा ब्रेक वापरला की ते तापतं, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल एकदम खाली जातं. तेवढं आमच्यावर आलं नाही, अल्हमदुलिल्लाह.

हवा काढायचं काम मुलाने आणि यांनी मिळून केलं. एक आत, एक चाकाशी. "दाब." "दाबलं." "धरून ठेव." निपल सैल, पारदर्शक नळीतून बुडबुडे, निपल घट्ट. "सोड." तीन महिने दोघांमध्ये कामापुरतं बोलणं होतं. त्या संध्याकाळी "दाब, धर, सोड" एवढंच बोलत दोघांनी चारही चाकं केली. मगरिबची अजान झाली तेव्हा शेवटच्या चाकाच्या नळीत एकही बुडबुडा नव्हता.

इशानंतर आम्ही त्याला बोलावलं. वर्गात विद्यार्थ्यांची माफी आम्ही मागितली आहे. एखादा गुण चुकून कापला तर मागतोच. पोटच्या पोरापुढे मात्र शब्द सापडत नव्हते. यांनीच सुरुवात केली, "तू दोनदा सांगितलंस. आम्ही ऐकलं नाही. वर ठोकल्याचं खापरही तुझ्यावर फोडलं. माफ कर." तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "मला वाटायला लागलं होतं की माझेच हात वाकडे आहेत. मैदानावर बघितलं होतं, तरीपण." त्याचं "तरीपण" ऐकल्यावर जेवण गेलं नाही.

शेजारच्या भाभींनाही आम्ही दुसऱ्या दिवशी मुद्दाम सांगितलं. अंगणात बोललो होतो, तर अंगणातच.

चाचांनी ताकीद दिली होती, पहिले दोन-तीनशे किलोमीटर ब्रेक हळू वापरा, पॅड बसू द्या. म्हणून खरी परीक्षा पंधरा दिवसांनी झाली. रविवारी, शाळेचं मैदान रिकामं असताना. मुलाने खेळाच्या तासाची फक्की आणून लांबलचक सरळ रेघ मारली. अम्मी घरी थांबेनात, मागच्या सीटवर बसल्या. चाकं रेघेच्या अंगाने धरून त्याने गाडी चाळीसवर नेली, हात स्टेअरिंगवर नुसते टेकवून ठेवले आणि ब्रेक दाबला.

आम्ही उतरून बघितलं. धूळ बसेपर्यंत थांबावं लागलं. चाकाच्या खुणा सुरुवातीला रेघेपासून जेवढ्या लांब होत्या, शेवटालाही तेवढ्याच होत्या.

अम्मींनी काच खाली केली. म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात परत डोळे दाखवायचेत ना? कराडला मला हाच नेईल. तुम्ही दोघं मागे बसा."